फीडर काढू नकोस, हलव

सातारा,
८ मार्च २०२६

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाळवणावर पक्ष्यांची शीट पडली म्हणून शेजारच्या मावशी तक्रार घेऊन आल्या, वहिनींना रोज धुण्याचा दगड खरवडावा लागतो, कुंपणाच्या कडेला घुशीची बिळं दिसायला लागली, आणि आता तू पक्ष्यांना दाणे घालायचा फीडर उतरवून माळ्यावर टाकायचं म्हणतोस. माझं ऐक, टाकू नकोस. तुझ्या परसात चिमण्या आणि मुनिया येतात ही फार मोलाची गोष्ट आहे. जागा बदल, दाणा बदल आणि दाण्याचं माप कमी कर. तिन्ही गोष्टी एकदम कर, एकेक करून काही साधायचं नाही.

आधी जागा. तू फीडर आंब्याच्या फांदीला टांगलायस, खाली धुण्याचा दगड आणि शेजारून कपड्यांची दोरी. पक्षी दाणे खाताना जेवढी घाण करतात त्याहून जास्त आपली पाळी येईपर्यंत बसून करतात. कबुतरं, साळुंक्या, होले वरच्या फांदीवर नाहीतर दोरीवर वाट बघत बसतात आणि सगळी शीट खाली पडते. म्हणजे तुला फीडरची जागा तर ठरवायची आहेच, पण पक्ष्यांनी वाट कुठे बघायची तेही ठरवायचं आहे. परसाच्या मागच्या कोपऱ्यात, शेवग्याच्या पलीकडे, उघड्यावर एक लोखंडी पाइप रोव, जमिनीपासून पाचेक फूट उंच. जास्वंदीचं झुडूप तिथून दहा फुटांवर आहे ना, तेच त्यांचं बसायचं ठिकाण होईल आणि शीट मातीत जाईल. दहा फूट मी मुद्दाम म्हणतोय. झुडूप फार जवळ असलं तर मांजर त्यात दबा धरून बसतं, फार लांब असलं तर शिक्रा आला की चिमण्यांना लपायला जागा उरत नाही.

स्वयंपाकघराच्या नव्या काचेवर पक्षी आपटल्याचं लिहिलंयस. फीडर आत्ता काचेपासून पंधराएक फुटांवर आहे. घाबरून उडालेल्या पक्ष्याला पुरता वेग यायला एवढं अंतर पुरतं आणि काचेतलं झाडाचं प्रतिबिंब त्याला खरं झाड वाटतं. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत असला तर वेगच येत नाही, तीस फुटांच्या पलीकडे असला तर काचेकडे झेपावण्याचा संभव कमी. मागचा कोपरा तीसच्या पुढे जातो, म्हणून तोच बरा. तरीही काचेवर बाहेरच्या बाजूनं रंगाचे ठिपके दे, दोन-दोन इंचांवर. आतून पडदा लावून प्रतिबिंब जात नाही. बुलबुल मात्र याच दिवसांत काचेवर चोच मारत राहतो, ते वेगळं प्रकरण आहे. विणीचा हंगाम असतो, काचेतला पक्षी त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. ठिपक्यांनी तेही कमी होईल.

आता दाणा. दुकानातून आणलेल्या मिश्रणात राळे आणि सूर्यफुलाच्या बिया आहेत असं तू म्हणतोस. राळ्याला टरफल असतं. मुनिया चोचीत दाणा फिरवून सोलते आणि तूस वाऱ्यावर सोडते. तेच तुझ्या व्हरांड्यात येतं. सूर्यफुलाच्या टरफलांनी तर खालची रोपं खुरटतात, कारण त्यातून उतरणारी द्रव्यं दुसऱ्या बियांची वाढ रोखतात. ती अळूच्या वाफ्यात टाकू नकोस. बाजरीचा दाणा मळतानाच मोकळा होतो, त्यामुळे टरफलाचा पसारा जवळजवळ नाही. तांदळाची कणी तर उगवतही नाही. बाजरी आणि कणी, बस. मिश्रणात पक्षी आवडीचा दाणा शोधायला बाकीचे उडवतात, एकच दोन जिनसा असल्या की ती उधळण थांबते. पोपटांसाठी शेंगदाणे घालणार असलास तर कच्चे, बिनमिठाचे आणि ताजे घाल. ओलसर शेंगदाण्याला लागणारी बुरशी विषारी असते. शेव, फरसाण, शिळी चपाती यातलं काही नको. बुलबुल दाणे खातच नाही, त्याला पपईची फोड ठेव, आणि उरली तर दुपारी उचल.

माप हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी एक मूठ, बास. दुपारपर्यंत संपली तर संध्याकाळी अर्धी मूठ. दिवस मावळताना जमिनीवर दाणा उरता कामा नये. रात्री तिथे घूस येते, उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण येते, कधी नागही येतो. वहिनींची भीती खोटी नाही. तुमच्याकडे संध्याकाळी काकू अंधारात तुळशीपाशी जातात हेही लक्षात घे.

पाइपच्या खाली दोन शहाबादी फरश्या टाक. माती असली की बाजरी उगवते, शीट मुरते आणि झाडता येत नाही. फरशी रोज सकाळी आधी पाण्यानं ओली कर आणि मग झाड. वाळलेल्या शीटेची आणि पिसांची धूळ उडू द्यायची नाही. कबुतरांच्या धुळीनं फुप्फुसाला कायमची सूज येऊ शकते, आणि काकूंना दमा आहे. झाडताना तोंडाला रुमाल बांध, त्यांना त्या वेळी परसात येऊ देऊ नकोस. आठवड्यातून एकदा फीडर उतरवून घास, एका भागाला नऊ भाग पाणी घालून ब्लीच वापर, स्वच्छ धू आणि उन्हात कडकडीत वाळव. एखादा होला किंवा कबुतर पिसं फुलवून बसलेलं दिसलं, गिळता येत नाहीसं वाटलं, चोच ओली दिसली, तर त्या दिवसापासून दोन आठवडे दाणा-पाणी बंद. त्यांच्या घशाचा तो आजार एकत्र खाण्यापिण्यातून पसरतो. बंद केल्यावर उपाशी राहतील ही काळजी करू नकोस. पक्षी पांगतात, दुसरीकडे शोधतात, आणि पांगणं हाच त्यावरचा इलाज आहे.

कबुतरांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तुझे बाबा कुंपणावर सूपभर ज्वारी पसरायचे, ती रीत तू चालू ठेवलीस, त्यामागची माया मला कळते. पण त्या वेळी तुमच्या आळीत कौलं होती, आता चार-चार मजले आणि एसीच्या मागे घरट्यांना जागा आहे. कबुतर वर्षभर विणतं, एका वेळी दोन अंडी. सुपानं दाणा मिळाला की संख्या वाढतच जाते आणि चिमणी तिथे टिकत नाही. मुंबईत काय झालं ते तू वाचलंयस. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेनं ताडपत्रीनं झाकला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, माणसं निषेध करायला रस्त्यावर उतरली. माझं मत स्पष्ट आहे: कुंपणावरचा दाणा आजपासून बंद कर. बाबांच्या आठवणीचं म्हणून हवं तर ज्वारीची कणसं पडवीत टांग. गावाकडे टांगायचेच, कोकणात भाताच्या लोंब्या टांगतात. चिमणी कणसाला लटकून खाते, कबुतराला ते जमत नाही.

फीडरलाही हेच तत्त्व लाव. भोवती दीड इंची चौकटीच्या जाळीचा पिंजरा कर, आतल्या दाण्यापासून जाळी वीतभर लांब. चिमणी आणि मुनिया सहज आत शिरतात. कबुतर, साळुंकी, कावळा बाहेर राहतात. खारीसाठी पाइपला मधोमध पत्र्याचं उलटं नरसाळं बसव. खार पाइपवरून चढते आणि तिथे अडते. मात्र फांदीवरून उडी मारता येईल इतक्या जवळ पाइप नको.

पाण्याचं भांडं विसरू नकोस, एप्रिलमध्ये दाण्यापेक्षा तेच महत्त्वाचं. पसरट मातीचं, दोन इंचांहून उथळ, फीडरपासून दूर, नाहीतर पाण्यात शीट पडते. रोज फक्त ओतून भरलंस तर पुरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून काथ्यानं घास.

येत्या वीस तारखेला जागतिक चिमणी दिवस आहे. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून साजरा होतो. त्या दिवशी शाळेतली मुलं फीडर करतील, तुझ्या नातीलाही करायला सांगतील. तिला एवढं समजावून सांग की चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. परसाचा एक तुकडा गवत आणि झुडपांना सोड, तिथे औषध फवारू नकोस. तुझ्या फीडरपेक्षा तो तुकडा चिमण्यांच्या जास्त कामाचा आहे.

पाऊस सुरू झाला की फीडर काढायचाच. ओला दाणा दोन दिवसांत बुरसतो, आणि तेव्हा गवताचं बी आणि किडे भरपूर असतात. दिवाळीनंतर पुन्हा लाव.

मावशींकडे तूच जा. वाळवणाचे दिवस संपेपर्यंत सकाळची मूठ सहाच्या आत घालतो, पापड उन्हात पडायच्या आधी पक्षी खाऊन जातात, असं त्यांना सांग आणि तसंच कर. त्या ऐकतील, मी त्यांना ओळखतो.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी येतोय. जाळी माझ्याकडे आहे, ती आणतो. तू तेवढ्यात पाइप आणून ठेव, दीड इंची, साडेसहा फूट लांब, म्हणजे दीड फूट जमिनीत जाईल. सिमेंट थोडंच लागेल. फरश्या मात्र मी आल्यावरच बसवू, उतार कुंपणाकडे काढायचा आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक