सुगीच्या उपासनेला रिकाम्या हाताने

चि. बाळास,

प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे टाके निघाले. वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाते, पण ताई तिला जिन्याकडे बघूही देत नाही. अजून थोडे दिवस पुण्यातच काढावे लागतील, म्हणून हे पत्र. फोनवर तू "बरं आहे" याच्यापुढे सरकत नाहीस, आणि मलाही कानाला यंत्र लावून मनातले बोलता येत नाही.

डाळिंबाच्या बागेचे सगळे सूनबाईने ताईला सांगितले. मृग बहार धरला, फळ लिंबाएवढे झाले, मग पावसाने झड लावली आणि बघता बघता तेल्या रोग बागभर फिरला. तडकलेली फळे तू एकट्याने वेचून खड्ड्यात पुरलीस, मजूर लावला नाहीस, हेही कळले. सोसायटीचे कर्ज, ठिबकचा हप्ता, औषधवाल्याची उधारी, सगळे एकदम अंगावर आले. आणि रविवारी चर्चमध्ये पीक वाहून होणाऱ्या सुगीच्या उपासनेचे विचारले तर तू म्हणालास म्हणे, "काय घेऊन जाऊ? डाग पडलेली डाळिंबं?"

मला त्यावरच लिहायचे आहे.

पाळकसाहेब घरी येऊन गेले आणि डाळिंबाला पाणी तोडून ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, तसे देवाचे आहे, असे सांगून गेले. माणूस भला आहे, सायकल हाणत आला, चहासुद्धा न घेता प्रार्थना करून गेला. पण हे उदाहरण मला पटत नाही. ताण देताना आपण जमीन बघतो, पानगळ बघतो आणि वेळ आली की पाणी सोडतो. तेल्या हा ताण नव्हे, रोग आहे, आणि रोगाला रोगच म्हणावे. तुला धडा शिकवायला देवाने तुझी बाग घालवली असे मी मानत नाही, तूही मानू नकोस. बायबलमधल्या, सगळे गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचे ठीक चालले होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले तिथे बिघडले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच.

बायबलातले हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक काढून वाच. तीनच अध्याय आहेत, वेळ लागणार नाही. सुगीला आपल्याकडे त्याचा शेवट मोठ्या आवाजात वाचतात: अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पण पुस्तक सुरू कसे होते ते कोणी वाचत नाही. दुसऱ्याच ओळीत तो देवाला विचारतो, मी किती काळ ओरडत राहू आणि तू ऐकणारच नाहीस का? उत्तर मिळते ते चालून येणाऱ्या खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, सैन्याचे. ते ऐकून तो आणखी बिथरतो, पुन्हा वाद घालतो, आणि आता काय सांगतोस ते बघतोच म्हणून बुरुजावर जाऊन उभा राहतो. आनंदाची ती ओळ इतके भांडून झाल्यावर आली आहे. आणि नंतर गोठा भरला, वेलीला घड लागले, असे कुठेही लिहिलेले नाही. गोठा रिकामाच राहिला. त्याचा आनंद पिकाच्या बदल्यात घेतलेला नव्हता, म्हणून पिकाबरोबर गेलाही नाही.

आपण नवस बोलत नाही असे ऐटीत सांगतो. पण मनात हिशोब असतोच की, मी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, दिला, आता तू बाग सांभाळ. बाग गेली की मग वाटते, एकतर तो नाही किंवा त्याला माझी पर्वा नाही. हा हिशोब ख्रिस्ताने आपल्याशी कधी केलेला नाही. तो स्वतः वधस्तंभावर, माझा त्याग का केलास, असे विचारून गेला. तू काल गोठ्यात बसून जे पुटपुटत होतास (सूनबाईने ऐकले, तिच्यावर रागावू नकोस) ती प्रार्थनाच होती.

प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. त्यातला क्रम बघ. आशा शेवटी आहे. आज तुझ्याकडे आशा नाही म्हणून तुझा विश्वास गेला असे कोणी म्हणाले तर ऐकू नकोस. सध्या धीर एवढाच तुझा वाटा आहे, आणि तोही रोजचा रोज. पौलाला हे घरबसल्या सुचलेले नाही. त्याला पाच वेळा एकोणचाळीस फटके बसले, तीन वेळा त्याचे गलबत फुटले. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच तो कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर एवढे ओझे आले की आम्ही जगतो की नाही असे झाले.

आता जे विचारायचे ते विचारतो. तुला मरावेसे वाटते का? वाटत असेल तर मला सांग, ताईला सांग, सूनबाईला सांग. त्यात पाप नाही आणि लाज तर मुळीच नाही. एलीयासारखा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे, असे म्हणाला. देवदूत आला आणि त्याने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले, त्याला उठवून खायला घातले. तो खाऊन पुन्हा झोपला, तर झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले. पुढची वाट दूरची आहे एवढेच सांगितले. तेव्हा रात्रीचे जेवण टाळायचे नाही. फवारणीची औषधे पडवीत पडली आहेत ती सगळी तुझ्या काकाच्या घरी नेऊन ठेव. काकाला मी फोन केला आहे, तो आज संध्याकाळी टेम्पो घेऊन येईल. आणि झोप लागत नसेल तर तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचे. देवाने डॉक्टरही दिले आहेत.

तुझ्या आईची पणजी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आलेली. दहा-अकरा वर्षांची पोर, मागे कोणी उरले नव्हते. तिचे मूळ गाव कोणते हे आपल्या घरात आजही कोणाला ठाऊक नाही. पंडिता रमाबाईंनी त्या दुष्काळात अशा शेकडो मुली, बायका गोळा करून आणल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने खंगून गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात मुलगी मनोरमा, वर्षाचीही नव्हती. त्यानंतर पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे विश्वास आला आणि दुःखे थांबली असेही नाही. मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई गेल्या १९२२ च्या एप्रिलमध्ये, आणि अखेरच्या दिवसांपर्यंत बायबलच्या भाषांतराचे काम हातात होते.

रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहावे म्हणून देवाने रमाबाईंचे आईबाप उपाशी मारले, असे म्हणणाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही. पण उपाशी पोराचा चेहरा त्यांना लांबून ओळखता आला, हे खरे. आणि तुझी आई, ताई, तू, तुझी पोरे, आपण सगळे त्या ओळखण्यातून जगात आलो. आशीर्वाद म्हणजे काय असे मला विचारशील तर मी हेच दाखवीन. नुकसानीची भरपाई त्यात नाही.

७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. तुझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी आणि शाळेत सुकडी. त्या वर्षीही सुगीची उपासना झाली. दाणा कोणाकडेच नव्हता. कोणी मजुरीतले चार आणे ठेवले, कोणी जळणाची मोळी, आणि एका म्हातारीने कळशीभर पाणी आणून वेदीपुढे ठेवले. नेहमीप्रमाणे वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. पाण्याची बोली सगळ्यात वर गेली, आणि ज्याने घेतली त्याने ती कळशी तिच्याच दारात नेऊन ठेवली. त्या दिवशी लोक हसले होते, हे मला चांगले आठवते.

तर रविवारी जा. काही नेऊ नकोस. गाणे म्हणवले नाही तर नुसता बस, बाकीचे म्हणतील. मात्र मागच्या बाकावर जाऊन लपू नकोस. मंडळीत तेल्याने बसलेला तू एकटा नाहीस. दोघे-तिघे तरी तुझ्याइतकेच कर्जात आहेत आणि तेही कोणाशी बोलत नाहीत. उपासना झाल्यावर त्यांच्याजवळ बस.

सोमवारी सोसायटीत सचिवांना भेटून कर्जाच्या पुनर्गठनाचे विचार. फळपीक विम्याची पावती माझ्या लोखंडी पेटीत, शाळेच्या कागदांखाली आहे. बागेला या वर्षी विश्रांती दे, हस्त बहाराच्या नादी लागू नकोस. रोगट फांद्या छाटल्या की कात्री दर झाडाला धुऊन घे. औषधवाल्याला मी माझ्या पेन्शनमधून थोडे थोडे देतो असे कळवले आहे, त्यावर वाद नको.

ताई म्हणते, शनिवारी ती गाडी घेऊन येईल आणि दोन्ही पोरांना चार दिवस इकडे आणील. पोरांचे स्वेटर तयार ठेवायला सूनबाईला सांग.

तुझे बाबा