जामीन मिळाला, जामीनदार कुठून आणायचा? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीच्या कोर्टात माझी रोजची उठबस आहे. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार किंवा बोटीवरचा परप्रांतीय खलाशी किरकोळ चोरीत सापडतो, लोक अभिरक्षक (गरीब आरोपींना फुकट मिळणारे विधी सेवेचे वकील) अर्ज करतात, जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो. कारण आदेशात जातमुचलक्याबरोबर, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या हमीबरोबर, एक स्थानिक जामीनदार मागितलेला असतो. त्या राखणदाराच्या ओळखीचा इथला जमीनवाला एकच, बागेचा मालक. आणि फिर्यादी तोच!

परप्रांतीयांचे राहू द्या, वाडीतल्या माणसाचीही तीच गत. जामीनदाराकडे सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला मागतात. कोकणातला सातबारा म्हणजे वीस गुंठ्यांवर आजोबांपासूनची पंचवीस-तीस नावे. निम्मे खातेदार मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद लागलेली नाही. त्या सामाईक उताऱ्यावर बोट ठेवून साहेब विचारतात, यात तुमचा हिस्सा किती? चुलतभावाच्या जामिनासाठी रजा टाकून आलेला माणूस काय सांगणार? तो तसाच परत जातो. मग आवारात घुटमळणारे भाडोत्री जामीनदार भाव सांगतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 1978 साली गाजले. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी खडसावून एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. पुढे 31 जानेवारी 2023 रोजी त्याच न्यायालयाने निर्देश दिले की, जामीन मिळूनही महिनाभरात हमीपत्र भरले गेले नाही तर खालच्या कोर्टाने अटी शिथिल करण्याचा विचार स्वतःहून करावा. स्थानिक जामीनदाराच्या अटीने सुटका अडते, हेही त्यात आहे.

जामीन देणे कोर्टाचे काम, मान्य. पण सरकारी अभियोक्ते आपल्या खात्याचे आहेत. स्थानिक जामीनदारच हवा म्हणून ते अडून बसतात, ते आपण थांबवू शकता. आरोपी पळून जाईल ही भीती खोटी नाही. नेपाळला गेलेला माणूस तारखेला आणणे कठीणच. त्यासाठी पोलीस ठाण्यात आठवड्याची हजेरी लावा. जमीन असल्याने माणूस पळत नाही असे कुठे आहे?

दुसरे, तुरुंगही आपलेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने (म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल बाकी आहे) कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तुरुंग अधीक्षकांनीच त्याच्या सुटकेसाठी कोर्टाला कळवायचे आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे एक वर्ष. जन्मठेपेचे किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत, तेव्हा दरोडेखोर मोकाट सुटतील ही ओरड नको. देशातल्या तुरुंगांत 2022 अखेर शंभरातले पंच्याहत्तरहून अधिक लोक कच्चे कैदी होते. दोषी ठरलेले नाहीत, हे पुन्हा सांगावे लागते, कारण ‘कैद्यांचे लाड कशाला’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत ऐकू येते.

पैशांचीही सोय आहे. 2023 च्या केंद्राच्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळते; सुरुवातीला ती चाळीस हजारांपर्यंत होती. त्यासाठीच्या जिल्हा समितीत जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तुरुंग अधीक्षक असे सगळे बसतात. बसले, तर.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या समित्या गेल्या वर्षभरात किती वेळा बसल्या, जामीन मिळूनही आत असलेले किती जण त्यांच्यापुढे आले आणि किती सुटले, एवढी माहिती दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडून मागवून जाहीर करावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
कोर्टात उठबस असलेला एक रत्नागिरीकर