नियम झाला, पण पुढे काय झालं ते कोणी बघितलं का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पाण्याची भांडी रिकामी करा असे मेसेज सुरू होतात, आणि काही ठिकाणी तर ज्याच्या घरी डासाच्या अळ्या सापडतील त्याला दंड लावायची पण बोलणी चालतात. हेतू चांगलाच आहे, डेंग्यूने घरचं माणूस कसं गळून जातं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण आपल्या खान्देशात कितीतरी गावांत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथे बाईने भरलेला बॅरल ओतून द्यायचा आणि मग लेकरांना पाजायचं काय? डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणजे पाण्याची पाळी आणि डासाची पाळी जवळजवळ सारखीच. त्यात अंडी टाकीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासावं लागतं. हे दंडाच्या नियमात कुठे येतं का?

माझं म्हणणं एवढंच आहे की आरोग्यासाठी गावपातळीवर जो नियम होतो त्याचा पुढे काय परिणाम झाला ते कोणीतरी तपासा. चार दिवसाआड पाणी येणारं गाव आणि दहा दिवसाआड येणारं गाव, दोघांच्या उपकेंद्रातलं तापाचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून बघा, नियम कधी लागू झाला ती तारीख त्यावर टाका, बऱ्याच गोष्टी कळतील.

दारूचंही तेच. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की बाटली आडवी करायला मतदान घेता येतं, आणि नंदुरबारकडच्या धडगाव, अक्कलकुव्यासारख्या भागात 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) नशेच्या पदार्थांवर ग्रामसभेला अधिकार आहेत. बाया एवढी हिंमत करून दुकान बंद करतात, मग पुढच्या वर्षी मारहाणीच्या आणि अॅक्सिडेंटच्या केसेस कमी झाल्या की लोक हातभट्टीकडे वळले, हे कळायला नको का त्यांना? गुटखाबंदी 2012 पासून आहे, दरवर्षी नवीन आदेश निघतो तरी पुड्या मिळतातच. शाळेपासून 100 यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही हे 2003 च्या कायद्यात लिहिलंय, म्हणजे जवळपास 91 मीटर, टेप घेऊन मोजायला कॉलेजच्या पोरांना एक दुपार पुरेल.

खरी अडचण कागदाची आहे. ग्रामपंचायतीचा ठराव प्रोसिडिंग बुकात राहतो, सूचक अनुमोदकाची नावं असतात, पण तो मागायला गेलं की रजिस्टर सापडत नाही, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. मला स्वतःला एका कार्यालयात हेच ऐकायला मिळालं आणि शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागला, त्याला परत 30 दिवसांची मुदत. खरं तर त्याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अशी माहिती कार्यालयांनी आपणहून लोकांसमोर ठेवायला पाहिजे.

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हा परिषदांना विनंती आहे की आरोग्याबद्दलचे ठराव तारखेसकट एका ठिकाणी ऑनलाइन टाका, पेशंटची नावं न देता महिन्याचे आकडे पण द्या. आपल्या विद्यापीठाने एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी हाच विषय द्यावा, त्यात आशाताईंना सोबत घ्यावं, कारण कोणाच्या घरी किती बॅरल आहेत ते त्यांना तोंडपाठ असतं (आणि त्यांना त्या कामाचा मोबदला पण द्यावा, फुकट राबवू नये). आमच्या गावचे जुने ठराव टाइप करून द्यायला मी आणि गावातली दोन-तीन पोरं तयार आहोत, ग्रामपंचायतीने फक्त रजिस्टर उघडून द्यावं.

आपला,
एक वाचक, ता. पारोळा, जि. जळगाव