प्रचारबंदीतला रविवार आणि चर्चचा माईक: मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: निवडणुकीच्या काळात चर्चमध्ये, चर्चच्या आवारात आणि पॅरिशच्या (एका चर्चभोवतीच्या भाविक-समाजाच्या) व्हॉट्सॲप गटांवर काय चालते व काय चालत नाही, याचे लेखी परिपत्रक काढण्याबाबत.

महोदय,

२० मे २०२४ रोजी मुंबईतल्या सहाही लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. तो सोमवार होता. मतदान संध्याकाळी सहाला संपणार म्हणून प्रचारबंदी शनिवारी, १८ मे रोजी संध्याकाळी सहाला लागली. शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) कॅथलिकांमध्ये रविवारचीच धरतात. त्यामुळे शनिवारी सहानंतरची मिस्सा आणि रविवारच्या सगळ्याच मिस्सा प्रचारबंदीच्या ४८ तासांत आल्या. त्यात तो रविवार पेन्टेकॉस्टचा, म्हणजे मोठ्या सणाचा. सहा महिन्यांनी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी आले. बुधवार हा माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून नोव्हेनाचा, म्हणजे विशेष प्रार्थनेचा, दिवस. तिथे दिवसभर वेगवेगळ्या भाषांतून नोव्हेना चालतो आणि सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन येतात.

मतदानाची तारीख चर्चचे कॅलेंडर पाहून ठरवावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तारीख ठरली की त्या दिवसांत वेदीवरून काय बोलायचे नाही, हे फादरना आणि पाळकांना कुणीतरी अधिकाराने, वेळेत आणि लेखी सांगावे, एवढेच मागणे आहे. आम्ही मुंबईतल्या वेगवेगळ्या पॅरिशमधले मतदार आहोत. आमच्यात पॅरिश कौन्सिलवर काम केलेले लोक आहेत, निवडणूक कायदा हाताळणारे वकील आहेत. चर्च कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधले जाऊ नये, असे आम्हांला मनापासून वाटते. ते आमच्या मताच्या पक्षाच्या दावणीलाही नको.

कायद्यात उणीव नाही. आदर्श आचारसंहितेच्या पहिल्याच भागात मशीद, चर्च, मंदिर किंवा अन्य प्रार्थनास्थळ प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापरू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन मतांनी, यातला धर्म उमेदवाराचा तसाच मतदाराचाही, असा अर्थ लावला. ते प्रकरण आपल्या मुंबईतलेच, सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतले. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत वळवणे हा कलम १२३(२) खाली गैरवाजवी दबाव आहे.

पण चर्चच्या रोजच्या कारभाराला सर्वांत जवळचा कायदा आहे तो धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंध कायदा, १९८८. बहुतेक पॅरिश ऑफिसांत त्याचे नावही कुणी ऐकलेले नसते. आचारसंहिता निवडणुकीच्या घोषणेपासून निकालापर्यंत असते. हा कायदा बारा महिने लागू असतो. कलम ३ प्रमाणे संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली कुठलीही जागा राजकीय कामासाठी वापरू देता येत नाही. म्हणजे फक्त वेदी आणि बाके नव्हेत, तर हॉल, मैदान, पार्किंगसुद्धा. कलम ५ ने संस्थेचा पैसा आणि मालमत्ता अशा कामाला लावण्याची मनाई केली आहे, तर कलम ६ ने संस्थेच्या सण-समारंभांचा, मेळाव्यांचा आणि मिरवणुकींचा तसा वापर बंद केला आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. खासदारकी, आमदारकीबरोबर स्थानिक संस्थांच्या निवडणुकाही त्यात येतात, म्हणजे महापालिकेचे २२७ प्रभागही.

या कायद्याची अडचणही सांगायला हवी. राजकीय कामाची त्याची व्याख्या फार पसरट आहे. पक्षाचे किंवा उमेदवाराचे काम त्यात येतेच, शिवाय राजकीय स्वरूपाचा कुठलाही प्रश्नही येतो. तो शब्दशः लावला तर गावठाणाच्या सीमांकनावर, रस्त्याकडेच्या जुन्या क्रुसाला आलेल्या नोटिशीवर किंवा पाण्याच्या टंचाईवर पॅरिश हॉलमध्ये घेतलेली बैठकही गुन्हा ठरेल. हे कुणालाच नको आहे. पक्ष, चिन्ह आणि उमेदवार यांच्याशी संबंध जोडला तर मनाई, नागरी प्रश्नांवर बोलायला मोकळीक, असा सरळ अर्थ आपल्या परिपत्रकात आला तर फादरही निर्धास्त होतील आणि भरारी पथकेही.

धर्मगुरूने मतदानाबद्दल अवाक्षर काढू नये, असे कायदा म्हणत नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका निवडणुकीत नामधारी पंथाच्या सद्गुरूंनी एका उमेदवारासाठी काढलेल्या हुकमाचा प्रश्न तपासला (राम दयाल विरुद्ध संत लाल). उमेदवारांच्या गुणदोषांवर मत सांगणे हा धर्मगुरूचाही हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. पण शब्द असे असतील की ऐकणाऱ्याला पर्यायच उरत नाही, तर तो दबाव ठरतो, असे म्हणून ती निवडणूक रद्द ठरवली. तेव्हा १९८८ चा कायदा नव्हता. आज फादर नागरिक म्हणून आपले मत बाळगू शकतात, पण वेदीवरून किंवा पॅरिशच्या लेटरहेडवर ते मांडू शकत नाहीत. चर्चचा स्वतःचा कायदाही यापेक्षा सैल नाही. १९८३ च्या कॅनन लॉचे कलम २८५ धर्मगुरूंना शासनसत्तेची पदे घेण्यापासून रोखते आणि कलम २८७ राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यापासून.

अवघड आहे ते मधले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरच्या आर्चबिशपांनी प्रार्थनेचे आवाहन करणारे पत्र काढले. त्यात ना पक्षाचे नाव होते, ना उमेदवाराचे. पण ‘राष्ट्रवादी शक्तीं’चा उल्लेख होता, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नोटीस बजावली. मुंबईतही २०१४ मध्ये एका नामवंत कॉलेजच्या धर्मगुरू प्राचार्यांनी विद्यार्थ्यांना पाठवलेल्या ईमेलवरून आयोगाकडे तक्रार झाली होती. दोन्ही वेळा वाद पत्र बाहेर पडल्यानंतर सुरू झाला. आधी नमुना हाताशी असता तर लिहिणाऱ्याला काय गाळायचे ते कळले असते, आणि तक्रार करणाऱ्याला कशावर तक्रार होते तेही.

याच्या उलट मिझोरामचे उदाहरण आहे. प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये तिथे मिझोराम पीपल्स फोरम उभा राहिला. तो पक्षांशी लेखी करार करतो, पोस्टर-बॅनरवर मर्यादा घालतो आणि सगळ्या उमेदवारांना एका मंचावर आणतो. चर्च निवडणुकीत पुरेपूर उतरलेले आहे, पण कुणा एकाच्या बाजूने नाही. मुंबईत असा मंच घ्यायचा तर तो चर्चच्या आवारात चालेल का, हे आज कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. आमच्या मते तो बाहेरच्या सार्वजनिक सभागृहातच घ्यावा. आपले उत्तर वेगळे असेल तर तेही लेखी यावे.

आता प्रत्यक्षात गोष्टी कुठे घसरतात ते पाहा. कम्युनियननंतर, शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचतात: या आठवड्यात जाहीर करायची लग्ने, सेंट व्हिन्सेंट डी पॉल या सेवासंस्थेचे धान्यवाटप, क्रीडा दिवस. त्याच ओघात ‘आज आपल्यात अमुक भाऊ आलेले आहेत, ते दोन शब्द बोलतील’ असे होते. भाऊ हात जोडतात, मत मागत नाहीत, चर्चसमोरचे गटार दुरुस्त करून घेतल्याचे सांगतात आणि बसतात. एक मिनिटही लागत नाही. मत मागितले नाही म्हणजे प्रचार नाही, असे सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटते. पण उमेदवार आहे, आचारसंहिता चालू आहे, जमाव चर्चने बोलावलेला आहे आणि माईक चर्चचा आहे. हा प्रचारच झाला. उपाय साधा आहे. निवडणुकीची घोषणा झाल्या दिवसापासून कुठल्याही उमेदवाराला, आजी-माजी लोकप्रतिनिधीला किंवा पक्षाच्या पदाधिकाऱ्याला माईक नाही, शाल नाही, सूचनांमध्ये नाव नाही. तो मिस्सेला आला तर इतरांसारखा बाकावर बसेल; तो त्याचा हक्कच आहे. विश्वासूंच्या प्रार्थनेत न्यायी राज्यकर्ते मिळोत असे म्हणायला हरकत नाही, फक्त नाव घ्यायचे नाही.

हॉलचे बुकिंग ही दुसरी जागा. अर्ज एखाद्या मंडळाच्या नावाने येतो, कारणाच्या रकान्यात ‘सामाजिक कार्यक्रम’ लिहिलेले असते, आणि संध्याकाळी गाड्यांतून झेंडे उतरतात. त्या वेळी दार बंद करायला मॅनेजर धजत नाही. बुकिंगच्या फॉर्मवरच एक ओळ छापली पाहिजे: कार्यक्रमात पक्ष, चिन्ह किंवा उमेदवार आल्यास बुकिंग तत्काळ रद्द होईल व अनामत जप्त होईल. अशा ओळीचा नमुना आपल्या कार्यालयाकडून आला, तर मॅनेजरला तो दाखवून नाही म्हणता येते. उमेदवाराने देऊ केलेल्या देणग्यांचेही तसेच आहे. ग्रोटोला (आवारातल्या मरियमेच्या गुंफेला) छप्पर, आवारात पेव्हर ब्लॉक, सणाची रोषणाई यांतले काहीही निवडणुकीच्या तोंडावर स्वीकारले, तर कलम १२३(१) खाली लाचेचा प्रश्न उभा राहतो आणि उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाचाही.

व्हॉट्सॲपवर गोंधळ सर्वांत मोठा आहे. पॅरिशचे झोन असतात, झोनचे समुदाय असतात आणि प्रत्येक समुदायाचा गट असतो. मयत, रक्ताची गरज, प्रार्थनेची वेळ, सगळे त्यावर येते. ‘आपल्या माणसालाच मत द्या’ हा संदेशही तिथेच पडतो. कलम १२३(३) लागण्यासाठी असे आवाहन उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा उमेदवाराच्या अथवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने दुसऱ्या कुणी केलेले असावे लागते. झोन लीडरने परस्पर पुढे ढकललेला संदेश त्या कलमातून निसटतो, कारण संमती सिद्ध होत नाही. पण गट पॅरिशच्या नावाने चालत असेल तर १९८८ च्या कायद्याचा प्रश्न उरतो. म्हणून घोषणेपासून निकालापर्यंत पॅरिशच्या गटांवर फक्त ॲडमिनने संदेश टाकावेत, असे परिपत्रकात सुचवावे. ही एक सेटिंग आहे, अर्ध्या मिनिटाचे काम.

तक्रारीच्या वाटेतही खाचखळगे आहेत. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपचे वेळापत्रक शंभर मिनिटांचे आहे: पाच मिनिटांत तक्रार, पंधरा मिनिटांत पथक पोहोचणार, तीस मिनिटांत तपासणी, पन्नास मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निर्णय. ॲपमध्ये फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ त्याच जागी, त्याच वेळी घ्यावा लागतो. गॅलरीतला चालत नाही. प्रार्थनेच्या मध्यात फोन वर धरायला सहसा कुणी धजत नाही, आणि मिस्सा पाऊण-एक तासात उरकते. पथक येते तेव्हा चर्च रिकामे असते. पॅरिशनेच केलेले थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असेल, तर त्याचा दुवा आणि नेमके मिनिट देऊन तक्रार घेण्याची सोय हवी. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करावी लागते, आणि ध्वनिफीत किंवा चित्रफीत असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणाऱ्या संकेतासह) लागते. ते नसल्याने खऱ्या तक्रारीसुद्धा कोलमडतात.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने न्यायालयात अशी भूमिका मांडली की, चर्चने आपल्याच सभासदांसमोर उमेदवाराला पाठिंबा दिला तर करमुक्त संस्थांनी उमेदवाराची बाजू घेण्यावरची १९५४ पासूनची मनाई लागू होत नाही. त्याचा दाखला देत ‘आता चर्चला मुभा आहे’ असे कुणी सांगितले, तर ते इथे गैरलागू आहे, असे एका वाक्यात परिपत्रकात लिहावे.

ते पोहोचवायचे कसे, हेही महत्त्वाचे. मुंबईच्या आर्चबिशपांना एक पत्र पाठवले म्हणजे सगळी चर्चेस झाली असे होत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथॉडिस्ट, मार थोमा, ऑर्थोडॉक्स यांची रचना निरनिराळी आहे. उपनगरांत भाड्याच्या गाळ्यात किंवा शाळेच्या वर्गात भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांना तर वर कुणी बिशपच नसतो. नोंदणीकृत न्यासांची यादी वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे आहे. बाकीच्यांपर्यंत पोलीस ठाण्यांमार्फत पोहोचता येईल. अनेक चर्चच्या आवारातच शाळा असते आणि शाळेत मतदान केंद्र. तिथे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३० ची शंभर मीटरची रेषा, जिच्या आत मतदानाच्या दिवशी प्रचाराला मनाई असते, कधी चर्चच्या पायऱ्यांवरून जाते. ती कुठून जाते, हे त्या-त्या फादरना आदल्या दिवशी जागेवर दाखवावे. आणि परिपत्रक एकट्या चर्चसाठी काढू नये. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, विहार सगळ्यांना तेच, त्याच शब्दांत, त्याच दिवशी जावे. एकाला नोटीस आणि दुसऱ्याला सूट, असे एकदा जरी दिसले तरी परिपत्रकाचा कागद होतो.

मतदार नोंदणीला मात्र या सगळ्याची झळ लागू नये. मिस्सेनंतर दारात टेबल टाकून नमुना ६ (नवी नोंदणी) आणि नमुना ८ (दुरुस्ती, पत्ताबदल) भरून देणे, मतदान केंद्र शोधून देणे, वृद्धांना नेण्याची सोय करणे यांत कुठलाच पक्ष नाही. हे करणाऱ्या तरुणांना कुणी अडवणार नाही, असे परिपत्रकात ठळक अक्षरांत असावे.

महापालिकेची निवडणूक आपल्या अखत्यारीत नाही, याची आम्हांला कल्पना आहे. म्हणून या पत्राची प्रत राज्य निवडणूक आयोगाला देत आहोत. तिथे तर घाई आणखी आहे, कारण नगरसेवकाच्या निवडीला लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे आव्हान द्यायला दहाच दिवस मिळतात. दोन पानांत मावेल असा मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. आपण वेळ दिल्यास तो घेऊन मंत्रालयात येऊ. पुढच्या घोषणेच्या निदान महिनाभर आधी परिपत्रक निघाले, तर ते प्रत्येक पॅरिशच्या फलकावर लागेल आणि मिस्सेच्या सूचनांमध्ये वाचलेही जाईल, याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
मुंबईतील ख्रिस्ती मतदार, पॅरिश कार्यकर्ते व वकील

प्रत: मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र, मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य.