भाकरीवर उमटलेली पाच बोटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाच्या बातम्या वाचल्या आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. कुष्ठरुग्णांच्या एका मिशन रुग्णालयात मी २८ वर्षं परिचारिका होते. ‘मिशन’ म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, ‘किती जणांना ख्रिस्ती केलंत?’ हा प्रश्न मला लागतो. तसली वही मी कधी ठेवली नाही. येशूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, ही गोष्ट लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकली होती. तो हात लावणं हेच माझं काम, असं मी मानत आले.

काम दमवणारं होतं. जखम भरून घरी गेलेला माणूस दोन महिन्यांत त्याच पायाला नवी जखम घेऊन दारात उभा. पाय बधीर, खडा रुतला तरी कळत नाही, आणि शेतात अनवाणी. पाचव्या वर्षी मी राजीनामा लिहून ठेवला होता.

तेव्हा एक मावशी दाखल होत्या. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. गोळ्यांनी जंतू मरतात, पण मज्जातंतूंचं जुनं नुकसान त्याने भरून येत नाही. घरी त्यांचं ताट वेगळं, चुलीजवळ फिरकायचं नाही. त्यांच्या उजव्या हातावर शस्त्रक्रिया झाली. चांगल्या स्नायूची दोरी वळवून बोटांना जोडायची, हे काम वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. तेही मिशनरी आईवडिलांचेच, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले. मावशींचं प्लास्टर निघालं, मग रोजचा व्यायाम.

एका दुपारी म्हणाल्या, “सिस्टर, वाइच पीठ द्या की.” परात पुढ्यात घेतली. आधी तळव्याच्या कडेने थापत होत्या, मग हळूहळू बोटं पसरली. भाकरी जाड झाली, एका बाजूने चिरली. पण तिच्यावर पाची बोटं उमटली होती. मावशी नुसत्या बघत राहिल्या. तव्यावर मी टाकली, कारण त्यांना चटका कळला नसता. शेकून झाल्यावर त्यांनी अर्धी मोडून माझ्यापुढे धरली. त्यांच्या हातचं कुणी खाल्ल्याला किती वर्षं झाली होती, मी विचारलं नाही. खाल्ली. त्या रात्री राजीनामा फाडला.

मावशींनी गळ्यातली तुळशीची माळ कधी काढली नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. सकाळच्या उपासनेला मात्र येऊन बसायच्या. त्याच वॉर्डातल्या एका तरुणाने पुढे स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. तो आता रुग्णांसाठी मऊ रबराच्या चपला शिवतो.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पासून कायद्यात उरलेलं नाही. तरी चट्टा लपवणारे अजून आहेत. वाचकांना माझी विनंती आहे, अंगावर फिकट, बधीर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं.

मुलगा मावशींना न्यायला आला तेव्हा मी त्याला बजावलं होतं, रोज रात्री आईचे हातपाय उजेडात बघत जा. पुढल्या दिवाळीत तो डबा घेऊन आला. म्हणाला, “चकल्या आईनंच पाडल्यात. आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, मग तुमच्यासाठी भरल्या.”

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज