१९०६ सालचा सेंट लुईसचा हंगाम

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

नोत्र दाम विद्यापीठाने १ नोव्हेंबर १९१३ ला आर्मीला (वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाला) ३५-१३ असं हरवलं आणि तिथून अमेरिकन फुटबॉलमध्ये फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणं, आलं, असं तू लिहिलंयस. अमेरिकेतही बरेच जण तसंच सांगतात. पण पासला परवानगी मिळाली १९०६ मध्ये, आणि त्याच वर्षी सेंट लुईस विद्यापीठाने त्याच्या जोरावर अख्खा हंगाम मारला. तू आता त्याच गावात राहतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९०५ पर्यंत तीन डाउनमध्ये, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या तीन संधींमध्ये, ५ यार्ड पुढे सरकलं की चेंडू आपल्याकडेच राहायचा. तेवढ्यासाठी डोकं चालवायची गरजच नव्हती. कबड्डीतल्या साखळीसारखे हात गुंफायचे, चेंडूवाल्याला मध्ये घ्यायचं आणि समोरच्यांवर तुटून पडायचं. यात दरवर्षी पोरं मरायची. ऑक्टोबर १९०५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली. तरी हंगामाअखेर कोलंबियाने खेळ बंद केला, आणि स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले.

मग १९०६ चे नियम आले. घोळक्याने तुटून पडण्याला आळा, समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही संघांच्या ओळींमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी, तीन डाउनमध्ये १० यार्ड, आणि चेंडू पुढे फेकायची मुभा. या शेवटच्या मुभेत नियमकर्त्यांचा जीव नव्हता, हे तिच्या अटींवरून कळतं. चेंडू जिथून खेळात आला, त्या जागेच्या डावीकडे किंवा उजवीकडे किमान ५ यार्ड सरकूनच फेकायचा. झेलायचा तो ओळीच्या दोन टोकांच्या खेळाडूंनी किंवा ओळीमागे उभ्या असलेल्यांनी. आणि कुणाचाही हात न लागता जमिनीवर पडला, तर चेंडू थेट प्रतिपक्षाला! आज पास हुकला तर एक डाउन जातो. तेव्हा सगळंच जायचं. ते ५ यार्ड मोजायला पंचांना मैदानावरच्या उभ्या रेघा उपयोगी पडत. त्या काळच्या फोटोत मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं ते या रेघांमुळेच.

आता हे प्रत्यक्षात कसं अडायचं ते बघ. फेकणाऱ्याला आधी आडवं पळावं लागे, तोवर बचावाचे गडी अंगावर येत. चेंडूही आजच्यापेक्षा बराच फुगीर. हाताच्या पंजात मावत नसे. म्हणून बहुतेक संघ तो खालून किंवा दोन्ही हातांनी उंच उडवत. असा चेंडू हवेत गडगडत, रेंगाळत जातो. तो खाली येईपर्यंत झेलणाऱ्याभोवती चार माणसं जमलेली. हुकला की चेंडू गेला. प्रशिक्षकांनी पासकडे पाठ फिरवली तर नवल नाही.

सेंट लुईसचे प्रशिक्षक एडी कोकम्स मूळचे विस्कॉन्सिनचे. त्यांनी उन्हाळ्यातच संघ विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाला नेला आणि तिथे मुख्यतः पासचीच तालीम घेतली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. चेंडूवर बोटांना पकड मिळते ती फक्त लेसांवर, म्हणजे शिवणीवरच्या दोऱ्यांवर. तेव्हा बोटं तिथे, पण मधोमध नाही, टोकाकडे, जिथे घेर कमी असतो. मग हात खांद्यावरून आणायचा आणि सोडताना मनगटाला पीळ द्यायचा, म्हणजे चेंडू लांबीच्या आसाभोवती फिरतो, टोक पुढे ठेवून हवा कापत जातो. लवकर पोचतो, म्हणून झेलणाऱ्याला थांबावं लागत नाही. तो भर धावेत घेतो. सगळी गोम यात आहे. दंडाची भीती तशीच राहिली, पण पास हुकण्याचं प्रमाण घटलं.

५ सप्टेंबर १९०६ ला विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशात कॅरोल कॉलेजविरुद्ध सेंट लुईसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला पास टाकला आणि तो जमिनीवर पडला. चेंडू कॅरोलला. दुसरा कुणी असता तर तिथेच नाद सोडला असता. पण पुढे त्याच सामन्यात रॉबिन्सनने जॅक श्नायडरला २० यार्डांचा पास देऊन टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपार नेणं) मिळवला. निकाल २२-०.

हंगामात ११ पैकी ११ सामने जिंकले, ४०७ गुण केले आणि फक्त ११ दिले. टचडाउनला तेव्हा ५ गुण होते हे लक्षात ठेव. अर्थात मिझुरीच्या खाण-कॉलेजला ७१-० ने चिरडलं यावरून फार काही ठरत नाही. कस लागला तो कॅन्ससविरुद्ध (३४-२) आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला सेंट लुईसमधल्या स्पोर्ट्समन्स पार्क मैदानावर आयोवाविरुद्ध (३९-०). आयोवाच्या सामन्यात १० पैकी ८ पास लागले, त्यांतून चार टचडाउन झाले, आणि चेंडूची सरासरी झेप २० यार्डांची होती. त्या नियमांत, त्या चेंडूने हे करून दाखवणं मला तरी थक्क करतं.

मग नाव का झालं नाही? कारण फुटबॉलला मान देणारी मोठी वर्तमानपत्रं आणि नियम ठरवणारी माणसं अमेरिकेच्या पूर्वेला, आणि सेंट लुईसने पूर्वेचा एकही बडा संघ हरवला नव्हता. येलने त्याच नोव्हेंबरात हार्वर्डला ६-० ने हरवलं, त्यातही एक लांब पास निर्णायक ठरला होता. चर्चा त्याचीच झाली. आर्मी पूर्वेचीच, म्हणून १९१३ चा सामना लोकांच्या डोक्यात बसला. कोकम्सनी १९०७ च्या स्पाल्डिंगच्या ‘हाउ टू प्ले फुटबॉल’ या पुस्तकात पासवर मोठा लेख लिहिला होता, तोही फारसा कुणी मनावर घेतला नाही.

नियम मात्र हळूहळू सैलावले. १९०७ मध्ये पहिल्या दोन डाउनना हुकलेल्या पासचा दंड १५ यार्डांवर आला, १९१० मध्ये आडवं ५ यार्ड सरकायची अट गेली, १९१२ मध्ये चौथा डाउन मिळाला. चेंडूचा आडवा घेर १९१२ मध्ये २२.५ ते २३ इंच ठरला आणि १९३४ मध्ये साधारण सव्वाएकवीसवर आला. पासची सध्याची आकडेवारी जुन्याशी ताडून बघशील तेव्हा हा घेर आधी विचारात घे.

स्पोर्ट्समन्स पार्क ग्रँड आणि डोडियरच्या कोपऱ्यावर होतं. १९६६ मध्ये पाडलं, पण जागा तीच आहे. कधी त्या बाजूला गेलास तर बघून ये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत