डेल्सफर्डहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आम्ही दोघं ऑक्सफर्डहून गाडी घेऊन कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांमध्ये आलोय. मोटरवे मुद्दाम टाळला. इथले रस्ते जेमतेम एका गाडीपुरते. समोरून कुणी आलं की एकाने कडेच्या मोकळ्या जागेत थांबायचं, दुसऱ्याने हात वर करून आभार मानत पुढे जायचं. हॉर्न कुणी वाजवत नाही. आई, शेतांच्या कडेने अगदी तुझ्या माहेरासारखे गडगे आहेत, चुना-सिमेंट न घालता दगडावर दगड बसवलेले. फक्त जांभ्याऐवजी पिवळसर चुनखडक.

बाबा, खरं पत्र तुमच्यासाठी आहे. वडगाव मावळ आलं की तुम्ही दरवेळी सांगायचात, १७७९च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना इथेच कोंडलं आणि तह लिहून घेतला. तो तह धुडकावणारा कंपनी सरकारचा तेव्हाचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज डेल्सफर्डच्या चिमुकल्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. पुढे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तोही याच्याच कारकिर्दीत. पूर्वजांच्या हातून गेलेली इथली जहागीर त्याने १७८८ मध्ये परत विकत घेतली, आणि त्याच वर्षी लंडनला त्याच्यावर महाभियोग सुरू झाला. सात वर्षांनी सुटला, तोवर खर्चाने पार खंक झाला होता.

थडगं साधंच आहे. चौथऱ्यावर दगडी कलश, त्यावर नाव आणि साल १८१८. बाबा, पेशवाई बुडाली तेच साल! मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. तुम्ही शेजारी हवे होतात, फार वाटलं.

नंतर चिपिंग कॅम्डनला गेलो. लोकरीच्या व्यापारावर मोठं झालेलं गाव. भर रस्त्यात १६२७ची दगडी मंडई उभी आहे, बाजूंनी मोकळी, कमानींची. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना उन्हापावसात आडोसा मिळावा म्हणून बांधलेली. आतली फरशी इतकी झिजलीय की पाऊल जपून टाकावं लागतं. आई, तू तिथे तासभर तरी बसली असतीस.

पुढच्या मे-जूनमध्ये तुम्ही दोघांनी यायचंच. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई कसलीच नाही. आईच्या गुडघ्याला झेपेल एवढंच चालू, बाकी गाडीतून. पासपोर्टची मुदत तेवढी पाहून कळवा, व्हिसाचा फॉर्म मी इथून भरते.

तुमची लाडकी,
मनू